सगळेच पाठवणारे, घेणार कोण?

बी.ई. प्रोजेक्टसाठी आम्ही लॅबमधले चार पीसी जोडून एमपीआयमध्ये मॅट्रिक्सचा प्रोग्राम लिहिला. १०×१० ला उत्तर बरोबर. डेमोच्या आदल्या रात्री १०००×१००० दिलं आणि सगळं ठप्प! एररसुद्धा नाही.

कारण? प्रत्येक पीसी शेजाऱ्याला आधी डेटा पाठवत होता, मग त्याचा घेत होता. छोटा मेसेज बहुधा बफरमध्ये मावतो, त्यामुळे 'सेंड' लगेच संपतं. मोठा असला तर समोरचा घेईपर्यंत थांबतं. सगळेच थांबले, हाच डेडलॉक.

आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला. त्यातले ट्रान्सप्युटर एकमेकांशी बफरविना बोलत; देणारा-घेणारा दोघेही तयार असले तरच डेटा जाई. तिथे आमची चूक छोट्या मेसेजलाच पकडली गेली असती!

टेस्टिंग करताना तीच शिस्त लावा. 'एमपीआय_सेंड'च्या जागी 'एमपीआय_एससेंड' टाका. ते बफरच्या भरवशावर राहत नाही. १०×१० लाच प्रोग्राम अडकला, तर चूक सापडली समजा.

आम्ही सम नंबरच्या पीसींना आधी पाठवायला आणि विषम नंबरच्यांना आधी घ्यायला लावलं. पहाटे चारला उत्तर आलं!