एका मानाचे दोन धनी

चैत्र लागला की शिरूर आणि दौंड भागात गावोगाव यात्रा भरतात. दुपार कलली की हलगी कडाडते. गडी तांबडी माती अंगाला लावून आखाड्यात उतरतात. नारळापासून कुस्त्या सुरू होतात आणि मोठ्या इनामावर संपतात. जोड कोण लावतं? गावचे पंच. हार-जीत कोण ठरवतं? तेही पंचच.

गावापुरतं हे ठीक. पण साऱ्या महाराष्ट्रात वरचढ पैलवान कोण, हे कसे ठरवावे? त्याला सर्वांसाठी एकच नियम हवा आणि तो राखणारी संस्था हवी.

मुळशीच्या मामासाहेब मोहोळांनी ही गरज ओळखली. त्यांच्या पुढाकाराने १९५३ साली कुस्तीगीर परिषद उभी राहिली. १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिनकर दह्यारी पहिले 'महाराष्ट्र केसरी' झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून पैलवान निवडून येऊ लागले. मातीवरचा पहिला आणि गादीवरचा पहिला यांची शेवटची कुस्ती लागू लागली. जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा आली. शेतकऱ्याच्या पोराला सारा मुलूख ओळखू लागला. विजय चौधरींसारखे पैलवान तर पोलीस खात्यात अधिकारी झाले.

मग बिघडलं कुठं? परिषदेच्या कारभाराबद्दल वर तक्रारी गेल्या. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने परिषद बरखास्त केली. रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला. परिषदेच्या जुन्या मंडळींनी ते मानले नाही. भांडण कोर्टात गेले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा दोनदा झाली. शिरूरच्या वाटेवर लोणीकंदजवळ फुलगाव आहे. तिथे सिकंदर शेख जिंकला. धाराशिवला शिवराज राक्षे जिंकला. २०२५ सालीही तेच झाले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला. मार्चमध्ये दौंडकरांच्या शेजारी, भीमेपलीकडच्या कर्जत तालुक्याच्या गावी वेताळ शेळके जिंकला. घाम सगळ्यांचा खरा होता. पण मान एक आणि धनी दोन! लोक विचारू लागले, खरा केसरी कोणता?

परिषदेला बरखास्त करणारा महासंघ तरी कुठे सुटला? त्याची निवडणूक वेळेवर झाली नाही, म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने त्यालाच निलंबित केले. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धा होती. तिथे आपल्या पैलवानांना तिरंग्याखाली उतरता आले नाही. भांडले पदाधिकारी, झळ लागली खेळाडूंना.

पैलवान घडवायला घर झिजते. दूध, तूप, बदाम, तालमीचा खर्च. बाप उसनवारी करतो. आई आपल्या वाटचं दूध पोराला देते. त्या कष्टांची राखण संस्थेने करायची असते.

आपल्या गावातही संस्था आहेत. यात्रा कमिटी आहे, सोसायटी आहे, दूध डेअरी आहे. त्या आपल्याच आहेत. सभेची नोटीस वाचा. सभेला जा. हिशेब मागा. निवडणूक वेळेवर होते का, ते पाहा. पूर्वी कागद पुढे आला की आपण अंगठा उठवत होतो. आता वाचता येतं. आधी वाचा, मग सही करा.

सांगा पाहू :
१. सर्वांसाठी एकच नियम का हवा?
२. संस्थेत दोन तट पडले, तर नुकसान कोणाचे होते?
३. तुमच्या सोसायटीची मागची सभा कधी झाली? हिशेब कोणी वाचला?