वाळू ओली होते का?

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा बोका कालपासून सारखा वाळूच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो. बद्धकोष्ठ समजून एरंडेल दिलं. आता पॅरासिटामॉल द्यावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको. मांजराच्या यकृताला ती झेपत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते. एरंडेलही थांबवा. वाळू ओली होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि खरी गोम तिथेच आहे. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद. बारीक खडे आणि चिकट स्राव यांचं बूच बसलं की लघवी तुंबते. कुंथणं बद्धकोष्ठात आणि यात सारखंच दिसतं, म्हणून फसगत होते. ओटीपोटात लिंबाएवढा, कधी संत्र्याएवढा टणक गोळा लागला तर दाबू नका, मूत्राशय फुटेल. रक्तात पोटॅशियम वाढून दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. रागवू नका, पण हे पत्र लिहिण्याइतकाही वेळ नसतो. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचा विचार नंतर. आधी सांगलीतच डॉक्टर गाठा. भूल देऊन नळी घालतात. बरा झाल्यावर नुसतं कोरडं खाणं बंद करा, पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा.