हेडलाइटमध्ये पाणी: नुसतं वाळवू नका, कारण शोधा



पावसाळा सुरू झाला की गॅरेजवर एक तक्रार हमखास येते. "हेडलाइटमध्ये पाणी गेलंय, जरा बघा ना." भांडवल कमी, अवजारं साधी आणि गिऱ्हाईक स्वतः चालत येतं. सर्व्हिस व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी हे काम चांगलं आहे, पण ते नीट समजून केलं तरच.

आपल्या बॅचमधल्या एका मुलाने वॉशिंग सेंटरला जोडून हे काम सुरू केलं. हेअर ड्रायरने हेडलाइट वाळवायचा, कडेने सिलिकॉन फिरवायचं आणि पाचशे रुपये घ्यायचे. पहिला महिना मस्त गेला. दुसऱ्या महिन्यात चार गाड्या परत आल्या. त्यातल्या एकाचा लाइट रात्री घाटात बंद पडला होता. नशिबाने काही झालं नाही, पण नवीन हेडलाइट या मुलाला खिशातून द्यावा लागला. त्याचं चुकलं कुठे?

आधी समजून घ्या: हेडलाइट श्वास घेतो

हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो. लाइट लावला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते. बंद केला की हवा थंड होते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. यासाठी मागे छोटी रबरी नळी किंवा जाळीसारखी झडप दिलेली असते. आपल्या मुलाने "पाणी इथूनच जात असणार" म्हणून तीच सिलिकॉनने बुजवली. मग आतली वाफ बाहेर जायला वाटच राहिली नाही.

धुकं की पाणी?

गाडी आली की पहिला प्रश्न हाच.

- काचेवर पातळ धुकं आहे, गाडी धुतल्यावर किंवा थंडीत येतं आणि लाइट लावून गाडी चालवली की जातं: बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, पैसे घेऊ नका. तोच माणूस पुढे दहा जणांना तुमचं नाव सांगेल.
- मोठे थेंब, तळाला साचलेलं पाणी, दिवसेंदिवस न जाणारं धुकं: पाणी कुठून तरी आत येतंय. इथे आपलं काम सुरू होतं.

कारण शोधायचा क्रम

सोप्याकडून अवघडाकडे जा.

१. मागची रबरी टोपी. बल्ब बदलल्यावर ती नीट न बसवणं हे नेहमीचं कारण. बाजारातला पंखावाला एलईडी बल्ब टाकला की टोपी बसत नाही, म्हणून ती कापलेली किंवा काढून ठेवलेली सापडते.
२. हवेची नळी. निघालीय का, मातीने बुजलीय का?
३. काचेला तडा किंवा बॉडीच्या बसवायच्या कानाला भेग. छोटी धडक झाली होती का, हे विचारा.
४. काच आणि बॉडीमधला सील. वर्षानुवर्षं ऊन आणि इंजिनाची उष्णता खाऊन तो सुटतो.
५. होल्डर आणि वायरिंग. हिरवट गंज, काळी पडलेली पिन, वितळलेलं प्लॅस्टिक बघा. ६०/५५ वॅटच्या जागी जास्त वॅटचा बल्ब टाकला असेल तर होल्डर जळालेला मिळू शकतो.

काम करताना

बॅटरीचं टर्मिनल आधी काढा. हेडलाइट खोलून बल्ब आणि टोप्या काढा, पाणी ओता आणि मंद गरम हवेने सावकाश वाळवा. घाई करून जास्त उष्णता दिली तर प्लॅस्टिक वाकतं. आतला चकचकीत रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका. त्याच्यावरचा थर फार पातळ असतो, एक ओरखडा पडला तरी प्रकाश कमी होतो. हॅलोजन बल्बच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही.

सील गेला असेल तर जुना काढून नवीन ब्युटाइल टेप लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन टाळा, त्याच्या वाफेने आतला धातू खराब होऊ शकतो. हवेची नळी मोकळीच ठेवा.

बसवल्यावर पाइपने दहा मिनिटं पाणी मारा, मग लाइट लावून अर्धा तास बघा. शेवटी भिंतीवर प्रकाशाची पातळी तपासा. लाइट वर राहिला तर समोरच्याचे डोळे दिपतात.

"नाही" कधी म्हणायचं

एचआयडी लाइटमध्ये सुरू होताना हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, तयारी नसेल तर हात लावू नका. कंपनीच्या एलईडी युनिटमध्ये सर्किट भिजून गंजलं असेल, किंवा रिफ्लेक्टरचा थरच उडाला असेल, तर "बदलावं लागेल" हे सरळ सांगा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला पाठवा.

आता हिशोब

समजा एका कामाचे १,२०० रुपये घेतले आणि साहित्य २०० चं लागलं. हातात उरले १,०००. आता एक काम बिघडून ४,५०० चा हेडलाइट भरून द्यावा लागला, तर साडेचार कामांची कमाई गेली. वर नाव गेलं ते वेगळंच. म्हणून तीन सवयी लावा:

- काम घेण्याआधी फोटो काढा. जुना तडा नंतर तुमच्या माथी येत नाही.
- बिलावर कारण लिहा: "टोपी बदलली", "सील नवीन". नुसतं "हेडलाइट काम" नको.
- तपासणीचे वेगळे पैसे आधीच सांगा. कारण शोधणं हीच तुमची खरी कारागिरी आहे.

त्या मुलाने आता हीच पद्धत धरली आहे. दिवसाला गाड्या कमी घेतो, पण परत येणाऱ्या जवळपास थांबल्या.

या आठवड्याचं काम: ओळखीच्या पाच गाड्यांचे बोनेट उघडा. रबरी टोपी आणि हवेची नळी कुठे आहे ते शोधून वहीत काढा. पाचव्या गाडीपर्यंत तुमची नजर तयार झालेली असेल. धंद्याची सुरुवात तिथूनच होते.