दुसरा राउटर की स्विच?

प्रश्न : दुमजली घरात वरच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही. खाली टीव्ही आणि संगणकालाही केबल हवी आहे. दुसरा राउटर घ्यावा का?

उत्तर : नको. घरात यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा राउटर एकच असावा. दोन राउटर स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागले, की प्रिंटर एका जाळ्यात आणि संगणक दुसऱ्यात अडकतो. केबलसाठी ५ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरतो. ‘वर रिपीटर लावणे सोपे,’ असे कुणी म्हणेल. पण एकाच बँडचा रिपीटर ऐकतो आणि बोलतो त्याच लहरींवर, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. वर नेलेली कॅट-५ई केबल मात्र १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वाहून नेते. जुना राउटर असेल तर त्याचा पत्ता बदला, पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करा आणि लॅन पोर्टला केबल जोडून तो वर केवळ वाय-फायसाठी वापरा. नवे यंत्र घेण्याआधी केबल ओढून घ्या.