आकडेवेड्या लेकाच्या आईसाठी चार गोष्टी

अगं, अडीच वर्षांचं पोर नंबरप्लेटी वाचतं म्हणून परवा फोनवर तू एका दमात हरखलीस आणि घाबरलीसही. दोन्ही घटकाभर बाजूला ठेव आणि ऐक. चारवर थांबणं मला जमणार नाही, हे आधीच सांगते.

१. पाहुण्यांपुढे "शंभरपर्यंत म्हणून दाखव" बंद — टाळी मोठी झाली की खेळ लहान होतो.

२. शंभर म्हणतो म्हणजे मोजतो असं धरून चालू नकोस. "टोपलीतले तीन बटाटे आण" म्हणून बघ — आकडे गाण्यासारखे पाठ होतात, पण तीनवर हात थांबणं बऱ्याच पोरांना साडेतीन-चारच्या सुमारास जमतं. सगळी टोपली आणून ओतली तर भाजी कर, रागावू नकोस.

३. मोजायला वाट्या, चपला, कांदे दे. मणी, चिंचोके, शेंगदाणे नकोत — या वयात मोजलेलं तोंडात जातं, नाहीतर नाकात.

४. कॅलक्युलेटर, रिमोट आणि बोलकी खेळणी, ज्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ते कपाटावर — आतला बटणाएवढा सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. नुसती शंका आली तरी उलटी काढायला जाऊ नकोस, तडक मोठं रुग्णालय गाठ. फ्रिजवरच्या आकड्यांची चुंबकंही अधूनमधून ओढून बघत जा.

५. नंबरप्लेट वाचायची ती फुटपाथवरून आणि हात धरून — आकडा जागचा हलत नाही, गाडी हलते. मागे घेणाऱ्याला एवढंसं पोर दिसत नाही.

६. फोनला कुलूप आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस — कुलपातूनही ११२ लागतो, आणि पलीकडचे लोक तुझ्या लेकाची उजळणी ऐकायला बसलेले नाहीत.

७. मोबाइलवरच्या आकड्यांच्या गाण्यांना दिवसाला तासाभराची वेसण घाल; त्यापेक्षा महिना उलटला की कालनिर्णयचं पान फाडून त्याच्या हवाली कर — आकडे ठसठशीत, आणि फाटलं तरी कुणी ओरडत नाही.

८. एकोणतीसला अडखळला तर अडखळू दे — डोळ्यांना दोन दिसतो, कानाला तीस ऐकू येतं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आणलं, तेव्हा थोरामोठ्यांची कशी जुंपली होती, आठवतं ना?

९. आता नीट ऐक. आकडा सापडला की तो वळून तुझ्याकडे बघतो का, बोट करून दाखवतो का, हाकेला ओ देतो का, "आई, पाणी दे" असं जोडून बोलतो का, ते आठवडाभर न्याहाळ — हे सगळं होत असेल तर आकडे ही त्याची हौस आहे, खुशाल राहा. होत नसेल, किंवा येत असलेले शब्द गळत असतील, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणणाऱ्या सासूबाईंना हो म्हण आणि तरी बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घे. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे पैसे पडत नाहीत.

१०. तपासणीत काहीही निघो, आकडे काढून घेऊ नकोस — "एक, दोन, तीन, उडी!" करताना तीननंतर जरा थांबलीस, तर 'उडी' तो म्हणतो, तेही तुझ्याकडे बघून.

११. "दुसरी शकुंतलादेवी!" म्हणणाऱ्या काकांना चहा दे, फारच झालं तर दत्तात्रय कापरेकर सांग — देवळालीत मास्तरकी करता करता ते आकड्यांशी खेळत राहिले, आणि ६१७४ आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१२. क्लासची घाई नको. जिन्याच्या पायऱ्या मोजा, चढताना सुलट, उतरताना उलट — मात्र उतरताना एक हात कठड्याला असू दे, दोघांचाही.