लिनक्स संगणकाला मोबाईलचे इंटरनेट कसे जोडावे?



सातबारा, ठिबकचा अर्ज, हवामानाचा अंदाज ही सर्व कामे आता इंटरनेटवर आली आहेत. मोबाईलच्या लहान पडद्यावर लांबलचक अर्ज भरणे जिकिरीचे होते. म्हणून आपण गावातील केंद्रावर जातो, रांगेत थांबतो आणि आपल्या फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो. वास्तविक अनेकांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक धूळ खात पडलेला असतो. "जुना झाला, चालत नाही," असे म्हणून तो भंगारात देण्याची घाई करू नये. त्या संगणकावर लिनक्स बसवून खिशातल्या मोबाईलचे इंटरनेट त्याला कसे जोडावे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोज ही जशी संगणक चालविणारी प्रणाली आहे, तशीच लिनक्स ही दुसरी प्रणाली होय. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. ती फुकट मिळते व दुसऱ्याला देताही येते. उबंटू, लिनक्स मिंट ही तिचीच वाणे समजावीत. बेणे एक, वाण निराळे.

आत्ताच हा विषय घेण्याचे कारण असे की, विंडोज १० या प्रणालीला कंपनीकडून मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. लिनक्स मिंटला मात्र २ जीबी मेमरी किमान लागते, ४ जीबी असल्यास काम बरे चालते. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते.

लिनक्स बसविण्यापूर्वी ती पेनड्राईव्हवरून चालवून पाहता येते. त्या वेळी हार्ड डिस्कला हात लागत नाही. खाली दिलेली जोडणीही तेव्हाच करून बघावी. नेट लागले, पडदा व कळफलक ठीक चालले, तरच पुढे जावे. कायमची बसवताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो व कागदपत्रे आधी दुसरीकडे काढून ठेवावीत. तसेच अंगठ्याचे यंत्र, काही प्रिंटर व काही खास प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतात. आपले काम त्यांवर अवलंबून असेल तर आधी चौकशी करावी.

रीत पहिली : केबलने जोडणी

ही सर्वात सोपी व खात्रीची रीत होय. फोनमध्ये तिला 'यूएसबी टेदरिंग' म्हणतात. टेदर म्हणजे जनावर दाव्याने बांधणे. फोन संगणकाला दाव्याने बांधला, असे समजा.

१) फोनवर मोबाईल डेटा सुरू करावा. फोनवरच एखादे पान उघडून नेट चालते याची खात्री करावी.

२) चार्जिंगची केबल फोनला व संगणकाला जोडावी.

३) फोनच्या सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' व त्यात 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' येथे जावे. काही फोनमध्ये ही नावे थोडी निराळी असतात.

४) 'यूएसबी टेदरिंग' हे बटण सुरू करावे. केबल जोडल्याशिवाय हे बटण दाबता येत नाही, म्हणून आधी केबल व मग बटण हा क्रम चुकवू नये.

५) संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात नेटवर्कचे लहान चिन्ह असते. (मिंटमध्ये ते खाली उजवीकडे असते.) काही क्षणांत तेथे 'वायर्ड' म्हणजे तारेची जोडणी झाल्याचे दिसेल.

एवढेच. सीडी घालावी लागत नाही, वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही, काळ्या खिडकीत आज्ञा टाईप कराव्या लागत नाहीत. अँड्रॉइड फोन ओळखण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

या रीतीचे आणखी दोन फायदे आहेत. फोन चालू असतानाच चार्ज होतो, आणि ज्या संगणकाला वाय-फाय नाही त्यालाही नेट मिळते. काही जुन्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः ब्रॉडकॉम कंपनीचे वाय-फाय कार्ड असलेल्यांत, लिनक्स बसवल्यावर वाय-फाय चालत नाही. त्याचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा तर नेट हवे, आणि नेट हवे तर ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. अशा वेळी केबलने नेट द्यावे, मिंटमधील 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडावा व तो सुचवेल तो ड्रायव्हर बसवावा. पेच सुटतो.

केबलची परीक्षा मात्र करावी. बाजारात काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, माहितीच्या तारा नसतात. फोन चार्ज होतोय पण टेदरिंगचे बटण काही दाबता येईना, तर आधी केबल बदलून पाहावी.

रीत दुसरी : हॉटस्पॉट

पत्र्याच्या घरात किंवा जाड भिंतीच्या खोलीत आत रेंज मिळत नाही, खिडकीत मात्र मिळते. अशा ठिकाणी हॉटस्पॉट उपयोगी पडतो. फोन खिडकीत ठेवावा, 'वाय-फाय हॉटस्पॉट' सुरू करावा, संगणकाच्या नेटवर्क चिन्हावर क्लिक करून यादीतून आपल्या फोनचे नाव निवडावे व पासवर्ड घालावा.

यादीत फोनचे नावच दिसत नसेल, तर बहुधा दोष बँडचा असतो. वाय-फाय २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालते. जुन्या लॅपटॉपला पुष्कळदा फक्त पहिला समजतो. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडावे.

पासवर्ड किमान आठ अक्षरी लागतो. तो आपला मोबाईल नंबर किंवा गावाचे नाव असा ठेवू नये. बिनपासवर्डाचा हॉटस्पॉट म्हणजे रस्त्याकडेचा उघडा व्हॉल्व्ह. कोण पाणी नेतो ते कळत नाही. हॉटस्पॉटने फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून काम संपताच तो बंद करावा.

रीत तिसरी : डोंगल

काही सभासदांकडे जुने डोंगल पडून आहेत. ते लिनक्सला लावल्यास सुरुवातीला सीडीसारखे दिसते, कारण त्याच्या पोटात विंडोजचा प्रोग्रॅम भरलेला असतो. थोडा वेळ थांबावे. लिनक्समधील एक लहान प्रोग्रॅम त्याला सीडीचे रूप सोडून मोडेम व्हायला लावतो. मग नेटवर्क जोडण्यांमध्ये नवीन 'मोबाईल ब्रॉडबँड' जोडणी तयार करावी. ती देश विचारते, कंपनी विचारते व शेवटी एपीएन म्हणजे त्या कंपनीच्या नेटच्या दरवाजाचे नाव विचारते. हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे. जिओसाठी : जे, आय, ओ, एन, ई, टी. बीएसएनएलसाठी : बी, एस, एन, एल, एन, ई, टी. एअरटेलसाठी : ए, आय, आर, टी, ई, एल, जी, पी, आर, एस, मग टिंब, मग सी, ओ, एम. एक अक्षर चुकले तरी नेट अडू शकते.

परंतु नवीन खर्च करण्यापूर्वी विचार करावा. जुनी बरीच डोंगल ३जीची आहेत. एअरटेलने २०१९-२० मध्ये ३जी सेवा बंद केली, आणि २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात तर ३जी कधी नव्हतेच. म्हणजे ३जीचे डोंगल जिओवर चालणारच नाही व एअरटेलवर फार तर २जीच्या बैलगाडीच्या वेगाने चालेल. दोष लिनक्सचा नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आधार व बँकेला जोडलेले सिम डोंगलमध्ये घालू नये. ओटीपी त्या सिमवरच येतो. सिम डोंगलमध्ये गेले म्हणजे ओटीपी फोनवर येणार नाही व भरलेला अर्ज अर्ध्यावरच अडकेल. सिमला पिन असेल तर अंदाजाने टाकू नये. तीन वेळा चुकल्यास सिमला कुलूप लागते.

एकंदरीत, घरी चालू ४जी फोन असेल तर डोंगलसाठी पैसे घालू नयेत, असे माझे मत आहे.

डेटाचे पाणी जपून वापरावे

आपल्यापैकी पुष्कळांचा रोजचा कोटा १.५ जीबीच्या आसपास असतो. कोटा संपल्यावर वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १ एमबीचा एक फोटो चढवायला दोन मिनिटांहून अधिक लागतात. पासबुकाचा, सातबाऱ्याचा असे चार-पाच फोटो जोडायचे असले की वेबसाईट मध्येच आपल्याला बाहेर काढते व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! अर्जाची शेवटची तारीख असेल तर हे महागात पडते.

संगणकाचा स्वभाव असा की, तारेची जोडणी दिसली की पाणी मुबलक आहे असे तो समजू शकतो व पाठीमागे सुधारणा उतरवू लागतो. म्हणून त्याला सांगून ठेवावे की हे पाणी मोजून मिळते. त्यासाठी 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडावे, आपली जोडणी निवडून तिच्या सेटिंगमध्ये 'जनरल' या पानावर 'मीटर्ड कनेक्शन' येथे 'येस' करावे. सुधारणा बंद ठेवू नयेत, त्या संरक्षणासाठी असतात. अर्जाचे काम नसेल अशा दिवशी, कोटा शिल्लक असताना त्या उतरवाव्यात. लिनक्स मिंटची मूळ फाईल सुमारे ३ जीबीची असते. ती एका दिवसाच्या कोट्यात मावत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून पेनड्राईव्हवर घ्यावी.

नेट अडले तर कोठे पाहावे?

"साहेब, कालपर्यंत चालत होतं, आज लागंना," अशी तक्रार नेहमीची आहे. ठिबकचे पाणी अडले तर आपण लगेच विहीर बदलत नाही. आधी विहिरीत पाणी आहे का ते पाहतो, मग मोटर, मग फिल्टर, मग लॅटरल. येथेही तसेच उगमापासून टोकापर्यंत यावे.

पहिले : फोनवर नेट चालते का? चालत नसेल तर रिचार्ज, कोटा व रेंज पाहावी. लाईट गेल्यावर काही वेळाने टॉवरही बंद पडतो, हे लक्षात असू द्यावे.

दुसरे : केबल हलली का? केबल जरा निसटली की टेदरिंगचे बटण आपोआप बंद होते. पुन्हा जोडून पुन्हा सुरू करावे.

तिसरे : संगणकाच्या चिन्हात जोडणी दिसते का? दिसत नसल्यास केबल दुसऱ्या भोकात लावावी. टेबलावरील संगणक असेल तर मागच्या बाजूचे भोक वापरावे.

चौथे : जोडणी दिसते पण काही वेबसाईट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, असे असेल तर तारीख पाहावी. जुन्या संगणकातील बटणाएवढा सेल संपला की घड्याळ मागे पडते व वेबसाईटचा दाखला त्याला खोटा वाटतो. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करावी व सेल बदलून घ्यावा.

पाचवे : फोन आला की नेट थांबते का? फोनमध्ये व्होल्टीई बंद असेल तर असे होते. ती सेटिंग सुरू करावी, किंवा काम होईपर्यंत घरच्यांना दुसऱ्या फोनवर बोलायला सांगावे.

या पाच पायऱ्या कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवाव्यात. कोणती पायरी अडली हे नेमके सांगता आले, की मदत करणाऱ्याचे अर्धे काम झाले.

शेवटी एवढेच सांगतो. संगणक घरी चालू झाला म्हणून सर्व कामे एका दिवसात घरी होतील असे नाही. सुरुवात लहान कामाने करावी. महाभूलेखवर आपला सातबारा उघडावा व नाव, क्षेत्र, पिकाची नोंद निवांतपणे वाचावी. ही पाहणी विनाशुल्क आहे. हात बसला की मग महाडीबीटीवरील ठिबकचा अर्ज घ्यावा. घरातील शाळा-कॉलेजातल्या मुला-मुलींना शेजारी बसवावे, परंतु पासवर्ड स्वतः लिहावा व ओटीपी स्वतः वाचावा. जमीन आपली आहे, तशी तिची किल्लीही आपल्याच हातात असावी.



आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग