गोदाम पाडण्याआधी

पोरी, राधानगरीच्या गव्यांच्या जंगलात तुझी नेमणूक झाली आणि आल्याआल्या जुनं गोदाम पाडून नवं बांधायचं काम निघालं. नकाशा साहेब काढतील, पैसे वरून येतील, पण रोज जागेवर तू असणार. म्हणून सांगतो, नीट ऐक.

काम दिवाळी झाली की काढ. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात. त्याआधी छप्पर चढलं पाहिजे, म्हणजे ब्लोअर आणि कोयते ऐनवेळी शोधावे लागणार नाहीत. मार्चअखेरची घाई कागदाला असू दे, भिंतीला नको.

पाडण्याआधी चार-पाच दिवस तिन्हीसांजेला बाहेर उभी राहा. वळचणीतून वटवाघळं निघतात का, माळ्यावर गव्हाणी घुबड आहे का, बघ. पिल्लं असतील तर वरिष्ठांना लेखी कळव आणि ती उडेपर्यंत काम थांबव.

जुन्या भिंतीवर ओल कुठवर चढलीय, तिथे खडूने खूण कर. नवं जोतं त्या खुणेच्या वर घे. इथला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून दार पूर्वेला ठेव. बांधकाम जुन्याच जागेवर कर. नवी जागा धरली की झाडं जातात, नवी वाट पडते.

सिमेंटचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू देऊ नकोस. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे. ती धूळ फुप्फुसात गेली की निघत नाही. मजुरांना तोंडाला रुमाल बांधून वर चढवू नकोस, चांगले मास्क मागून घे. पत्र्याचा एक तुकडाही जंगलात पुरायचा नाही.

सामान हलवताना जडवस्तू नोंदवही हातात असू दे. जप्तीचे फासे, कुऱ्हाडी म्हणजे कोर्टातला मुद्देमाल. चिठ्ठीसकट वेगळ्या कुलपात ठेव. मोडकं सामान निर्लेखन झाल्याशिवाय बाहेर जाता कामा नये. नव्या गोदामात चाटणाचं मीठ लाकडी फळ्यांवर, वेगळ्या खोलीत ठेव. मिठाशेजारी लोखंड टिकत नाही.

पायाचे चर रात्री उघडे ठेवू नकोस. झाकता आले नाहीत तर तिरकी फळी टाक, पडलेला प्राणी चढून येईल.

आणि काम पूर्ण झालं असं लिहून देण्याआधी सगळं आवार पायी फिर. खिळे, तारेचे तुकडे वेचून झाले असतील, तरच लिहून दे. ठेकेदार निघून जाईल, खिळा गव्याच्या खुरात जाईल.